काटी पडलेलं घर

खूप जुन्या काळी, जंगलाला अगदी लागून एक गाव होतं. गावातली माणसं शहाणी होती. ताप आला तर काढा द्यायची, हाड मोडलं तर बांबूच्या कामट्या बांधायची. मनाच्या दुखण्यावर मात्र त्यांच्याकडे एकच उपाय होता, बाभळीचे काटे.

कुणी जेवेनासं झालं, कारण नसताना रडू लागलं, की गाव म्हणायचं, याच्यावर सावट आलं. सावट बोलण्यातून पसरतं, असा सगळ्यांचा पक्का समज होता. म्हणून त्या घराच्या दारात काटी, म्हणजे बाभळीच्या काटेरी फांद्यांची आडकाठी, पडायची. भाकरी लांबूनच सरकवायची आणि एक शब्दही बोलायचा नाही. आतलं माणूस खंगून खंगून मरायचं. मग गाव सुटकेचा निःश्वास टाकायचं आणि म्हणायचं, बरं झालं, काटी वेळेवर टाकली.

त्यामुळे त्या गावाइतकं हसणारं गाव पंचक्रोशीत नव्हतं. सगळे भीतीनेच हसायचे, हे वेगळं सांगायला नको.

त्या गावात टोपल्या विणणारं एक घर होतं. घरात म्हातारी सासू, तिचा मुलगा आणि नुकतीच बाळंत झालेली सून. सून पाणवठ्यावर सगळ्यांपेक्षा मोठ्याने हसायची आणि घरी आली की भिंतीकडे तोंड करून बसायची. बाळाला हात लावायची नाही. सासूला सगळं दिसत होतं. पण विचारावं तर सावट आपल्यालाही धरेल, या धास्तीने तीही गप्प होती.

एके सकाळी मुलगा बांबू तोडायला जंगलात गेला आणि इकडे पाणवठ्यावर हसता हसता सुनेला रडू फुटलं. ते काही केल्या थांबेना. बायका मागे सरकल्या. दुपारपर्यंत पाटील माणसं आणि काटे घेऊन दारात हजर झाला. सून घरात होती, सासू बाळाला घेऊन अंगणात.

"म्हातारे, तू बाजूला हो," पाटील म्हणाला. "नातवाला घेऊन शेजारी जा."

म्हातारीने एकदा काट्यांकडे पाहिलं. तिने बाळाला छातीशी घट्ट धरलं. मग ती उंबरा ओलांडून आत गेली आणि म्हणाली, "आता टाका काटी."

काटी पडली. आत जाऊन म्हातारी सुनेजवळ बसली. तिने विचारलं, "पोरी, काय होतंय तुला?"

सुनेने भिंतीकडचं तोंड वळवलं. मग म्हणाली, "आत्याबाई, बाळाला उचललं की पाय विहिरीकडे वळतील, अशी मला माझीच भीती वाटते."

म्हातारीच्या अंगावर काटा आला. आपण आता मेलो, असंच तिला वाटलं. पण ती उठली नाही. "मग विहिरीवर तू जायचं नाहीस," ती म्हणाली. "बाळ माझ्या मांडीवर राहील. तू बोलत राहा."

संध्याकाळी मुलगा परतला. दारातले काटे बघून त्याचा चेहरा पांढरा पडला. मागच्या कुडाच्या भिंतीच्या कामट्या सोडवून तोही आत शिरला.

गाव बाहेर वाट बघत राहिलं, आता घरातले सगळेच जाणार म्हणून. पण कुडातून रोज बोलण्याचा आवाज यायचा. ऐकायला सगळ्यात जास्त वेळ पाटीलच थांबायचा. एक दिवस भर गर्दीत त्याने काट्यांपलीकडे विचारलं, "म्हातारे, हे झोप न लागण्यापासून सुरू होतं का?"

 माणसं पाटलापासून हळूहळू लांब सरकू लागली. तो घामाने भिजला होता.

"पाटील, आत या," म्हातारी म्हणाली. "बसून बोला."

त्याने हातानेच काटे ओढले. हात रक्ताळले. तो आत गेला, तेवढ्यात गर्दीतली एक बाई पुढे आली आणि खाली मान घालून म्हणाली, "मलाही बोलायचंय."

पुढे त्या गावाने पाळ्या लावल्या. कुणी सुनेजवळ बसायचं, कुणी बाळाला सांभाळायचं, कुणी तिच्या घरचं पाणी भरायचं. शेजारच्या गावचा वैद्य येऊन औषध देऊ लागला. पाटलाच्या ओट्यावर रोज कुणीतरी सोबतीला बसू लागलं. सून एकदम बरी झाली नाही. काही दिवस चांगले जायचे, काही वाईट. पण एका सकाळी तिने आपण होऊन बाळाला उचललं आणि म्हातारीला रडू आवरेना.

अंगणात सगळे जमले होते. त्यात एक म्हातारा होता, त्याची बायको फार वर्षांपूर्वी काट्यांआड गेली होती. त्याने हळूच विचारलं, "बोलल्याने कुणालाच काही झालं नाही. मग माझी बायको कशाने गेली?"

 उत्तर सगळ्यांना कळलं होतं. गाव आजवर सावटाला घाबरत आलं होतं, त्या दिवशी ते पहिल्यांदा स्वतःला घाबरलं.

बोध: मनाने आजारी असलेल्या माणसापासून गाव लांब पळालं तर आजार वाढतो, गाव त्याच्याजवळ बसलं तर माणूस वाचतो.