मुरलीधरचा उंच स्टँड

घाटाच्या पायथ्याला एक गाव होते आणि त्या गावाला एकच फोटोवाला होता. त्याचे नाव मुरलीधर. बारशापासून पासपोर्टपर्यंत गावाचे सगळे चेहरे त्याच्याच कॅमेऱ्यातून गेलेले. हात चांगला, माणूस कष्टाळू, आणि पैशाच्या बाबतीत उधळ्या तर मुळीच नाही. खोड एकच होती. शेजारच्या गावातल्या फोटोवाल्याने नवे काय घेतले, याची चौकशी तो जरा जास्तच करायचा.

एके दिवशी बापूराव निकम त्याच्या दुकानात आले. बापूरावांचा मुलगा संग्राम फौजेत होता. त्याला नुकताच मुलगा झाला होता, म्हणजे बापूरावांची आई गोजराबाई आता पणजी झाली होती. पणतवाचे तोंड पाहणे हे मोठे भाग्य. अशा पणजीवर पणतवाच्या हातून सोन्याची फुले उधळायची, ही आपली जुनी रीत.

"चार पिढ्या एका फोटोत पायजेत, मुरलीधर," बापूराव म्हणाले. "पण एक अडचण हाय. म्हातारीच्या डोळ्याचं आपरेशन झालंय. डॉक्टर म्हणाले, लख्ख उजेड दाखवायचा न्हाई. फ्लॅश न्हाई, ऊन न्हाई. माजघरातच काढावा लागंल."

"काढू की. दुसऱ्या दिवशी परत एकदा काढू, एखादा बिघडला तर."

"दुसरा दिवस कुठला? संग्राम त्याच संध्याकाळच्या गाडीनं जाणार. पुन्हा सुट्टी कवा मिळंल, आणि तवर आई..."  मुरलीधरने तारीख वहीत लिहून घेतली.

अंधूक उजेडात फोटो काढायचा म्हणजे कॅमेऱ्याला आपला डोळा जास्त वेळ उघडा ठेवावा लागतो. तेवढ्या वेळात तो केसभर जरी हलला तरी चेहरे फिसकटतात. हातात धरून हे जमत नाही. त्यासाठी तीन पायांचा ट्रायपॉड लागतो. गावात त्याला सगळे स्टँडच म्हणत, आणि तो मुरलीधरकडे नव्हता.

मुरलीधरने घरात बसून हिशेब केला. पोरांची फी बाजूला काढली, दुकानाचे भाडे बाजूला काढले, उरले तेवढे पैसे खिशात घातले. यापेक्षा एक रुपयाही जास्त द्यायचा नाही, अशी बायकोसमोर शपथ घेतली आणि तो तालुक्याला गेला.

दुकानदाराने त्याची रक्कम ऐकली आणि दोन स्टँड समोर ठेवले. किंमत दोन्हींची सारखीच. पहिला बुटका होता. पुरता उघडला तरी माणसाच्या कमरेच्या वर जात नव्हता, पण पाय चांगले जाडजूड. दुसऱ्याचे पाय एकातून एक निघतच राहिले, आणि शेवटी त्याचे डोके मुरलीधरच्या डोक्याच्याही वर गेले. अंगावर चकाकी, जागोजागी खटके, आणि वर खांद्याला अडकवायची काळी पिशवी. खालचे पाय मात्र बोटाएवढे बारीक.

"काम कसलं आहे?" दुकानदाराने विचारले.

"घरातला फोटो. बसलेली माणसं."

"मग बुटका न्या. या पैशात उंची तरी मिळते, नाहीतर मजबुती. दोन्ही एकदम पाहिजे असतील तर तो वरच्या फळीवर आहे. पण त्याची किंमत ऐकून तुम्ही मलाच शिव्या द्याल."

मुरलीधरने वरच्या फळीकडे पाहिलेसुद्धा नाही. एवढा तो शहाणा होता. पण बुटका स्टँड हातात घेतल्यावर त्याला निकमांचे भरलेले घर दिसू लागले. पाहुणे म्हणतील, मुरलीधर काय चौरंग घेऊन आला की काय? शेजारच्या गावातल्या फोटोवाल्याचा स्टँड तर मांडवात सगळ्यांच्या डोक्यावरून दिसतो! किंमत सारखीच असताना कमी उंचीचा का घ्यायचा? त्याने उंच स्टँड घेतला.

परतताना एसटीत तो अगदी निवांत बसला होता. कर्ज काढले नाही, ठरवल्याबाहेर गेलो नाही, अंथरूण पाहून पाय पसरले, असे तो स्वतःला पुन्हा पुन्हा सांगत होता. म्हण खरीच आहे. पण अंथरूण मोजून घेतले म्हणजे झोप चांगली लागतेच, असे कोणी सांगितले आहे?

ठरलेल्या दिवशी निकमांचे घर माणसांनी फुलून गेले. माजघराच्या खिडकीवर चादर टांगली होती. गोजराबाई नवे लुगडे नेसून पाटावर बसल्या होत्या. डोळ्यांवरचा काळा चष्मा त्यांनी फोटोसाठी हट्टाने काढून ठेवला होता. मांडीवर पणतू, एका बाजूला बापूराव, दुसऱ्या बाजूला संग्राम.

मुरलीधरने स्टँडचे पाय एकेक करून बाहेर ओढले. खटके वाजले. पाहुण्यांनी माना वर केल्या. "अगागा! केवढा उंच हाय रं!" कोणीतरी म्हणाले. मुरलीधरच्या अंगावर मूठभर मांस चढले. त्याने उगाचच कॅमेरा आणखी उंच करणारा मधला दांडाही वर केला.

पणतवाच्या मुठीत फुले देण्यात आली. सोन्याचे एकच होते, बाकीची चांदीची आणि वर भर म्हणून मोगऱ्याची. बाळाच्या आईने त्याचा हात धरून फुले पणजीच्या डोक्यावर सोडली. मुरलीधरने स्टुलावर चढून बटण दाबले. बटण दाबताच कॅमेरा वर किंचित थरथरला, वाऱ्यावर ज्वारीच्या ताटाचे टोक हलते तसा. त्याने पुन्हा दाबले, आणखी दोनदा दाबले. मग सगळे हसत उठले आणि आत पंगतीची हाक झाली.

मुरलीधरने कोपऱ्यात जाऊन फोटो मोठे करून पाहिले.  एकही चेहरा धड नव्हता. गोजराबाईंच्या चेहऱ्यावर चार डोळे दिसत होते आणि बापूरावांच्या मिशा पार फिसकटल्या होत्या.

"कसं आलं?" बापूरावांनी जवळ येऊन विचारले.

मुरलीधरने उंच स्टँडकडे पाहिले. मग जमलेल्या पाहुण्यांकडे पाहिले. आत्ताच सगळ्यांनी त्याचे कौतुक केले होते. खरे कारण त्याच्या ओठांवर आले आणि तिथेच अडले. तो म्हणाला, "फोटो जरा हललेत. आजी हलल्या असतील. वय झालं ना."

सबब पटण्यासारखी होती. नव्वदीच्या म्हातारीचे अंग हलणार नाही तर कोणाचे? बापूरावांनी मान डोलावली. कोणीही मुरलीधरला बोल लावला नाही.

पण पाटावरून अजून न उठलेल्या गोजराबाईंनी ते ऐकले. त्यांचे तोंड एवढेसे झाले.

"माझ्यामुळं बिघाडला व्हय रं?" त्या म्हणाल्या. "मी लई जपून बसलेली. श्वास बी रोखून धरलावता. पर हाललं आसंल बाबा, ह्या वयात अंग कुठं ऐकतंय." मग त्या नातवाकडे वळल्या. "संग्राम, तू जाऊ नगंस अजून. ए पोरींनो, मला मागनं दोघी घट्ट धरून बसा. न्हाईतर पदरानं खांबाला बांधा. पर येवढा एक फोटू हू द्या."

दोन सुना खरोखरच पुढे झाल्या आणि त्यांनी म्हातारीचे खांदे मागून धरले. गोजराबाई ताठ बसल्या. ऑपरेशनच्या डोळ्यातून पाणी येत होते, ते पुसायलाही त्यांनी हात उचलला नाही. पुसताना हलेन, अशी त्यांना भीती वाटत होती.

मुरलीधरला ते बघवेना. आपल्या चुकीचे ओझे आपण कोणाच्या खांद्यावर टाकले, हे त्याला समोर दिसत होते.

"सोडा त्यांना," तो मोठ्याने म्हणाला.  "आजी, तुम्ही नाही हललात. माझा स्टँड हलला. दुकानदारानं मजबूत दाखवला होता, मी दिसायला उंच तो आणला. आणि आत्ता लाज वाटली म्हणून खोटं तुमच्यावर ढकललं."

कोणीतरी फिस्सकन हसले. बापूरावांच्या कपाळावर आठी पडली. "आरं, मग आता काय करायचं? गाडीची येळ हुत आलीया!"

 मुरलीधरने मधला दांडा खाली बसवला. बोटाएवढे बारीक पाय एकेक करून आत सारले. राहिले फक्त वरचे जाड पाय. माणसापेक्षा उंच असलेला स्टँड आता गुडघ्याच्या जरा वर आला. मुरलीधरने हाताने दाबून पाहिले. तो जागचा हलेना. उंचीसाठी मोजलेले सगळे पैसे त्या आत सारलेल्या पायांत गेले होते, आणि ते पाय आज काही उपयोगाचे नव्हते.

कॅमेरा एवढा खाली आल्यावर त्यातून पाहायला मुरलीधरला सारवलेल्या जमिनीवर पालथे पडावे लागले. इस्त्रीच्या शर्टाला शेण लागले. पोरे खिदळली, बायका तोंडाला पदर लावून हसल्या. मुरलीधरने हसू दिले. मघाशी वरून त्याला गोजराबाईंचा पांढरा भांगच जास्त दिसत होता. आता त्यांचा चेहरा समोरासमोर दिसला. त्याने कॅमेऱ्याचा टायमर लावला, हात काढून घेतला आणि म्हणाला, "आजी, श्वास रोखू नका. सावकाश घ्या. बघा फक्त इकडं."

फुले पुन्हा गोळा केली होती. ती पुन्हा उधळली गेली. कॅमेऱ्याने आपले काम केले.

संग्राम संध्याकाळच्या गाडीने गेला. पुढच्या आठवड्यात मुरलीधरने फ्रेम करून फोटो निकमांच्या घरी नेला. पैसे घेतले नाहीत. गोजराबाईंनी फ्रेम मांडीवर घेतली, चष्मा लावला आणि बोट फिरवत एकेक माणूस पाहिला. बापूराव स्पष्ट होते, संग्राम स्पष्ट होता. पणतवाची मूठ मात्र हवेत पुसट झाली होती, कारण फुले टाकताना त्याने ती हलवली होती. आणि त्या उडत्या फुलांखाली गोजराबाई बसल्या होत्या. डोळ्याखालचा पाण्याचा थेंबसुद्धा जिथल्या तिथे होता.

म्हातारी कितीतरी वेळ बघत राहिली. मग बोळक्या तोंडाने हसून लेकाला म्हणाली, "बघ बाप्या. मी न्हवते हालले."

मुरलीधर मान खाली घालून उभा होता. त्याला हसूही आले आणि डोळेही भरून आले.

तात्पर्य: ऐपतीबाहेर न जाणे हे अर्धेच शहाणपण आहे, त्याच पैशात दिमाख घ्यायचा की काम, हे ओळखणे ही त्याची दुसरी बाजू. आणि निवड चुकलीच, तर तिचा दोष मुकाट्याने ऐकून घेणाऱ्याच्या माथी मारू नये.