निलव्वाचं पान

"मग धाडू ना त्या निलव्वाला घरी, अप्पा?"

मठाच्या शाळेचा कारभार चनबसूकडं. आपला शब्द खाली पडलेला त्याला खपत नसे.

अप्पा, मठाचे स्वामी, विभूतीचे गोळे उन्हात मांडत होते. "का रे? तुझं काय खाल्लं तिनं?"

"वेळ."

निलव्वाचे हात जन्मापासून थरथरते. घास तोंडाशी जाईपर्यंत निम्मा सांडायचा. आणि मठाची रीत अशी, की शेवटचं पान संपल्याबिगर पंगतीतून कुणी उठायचं नाही. सगळी शाळा उष्टे हात वाळवत बसायची.

"तिच्या आईला म्हटलं, तू भरव, लवकर आटपेल. तर माझ्याच अंगावर आली. 'मी मेल्यावर कोण भरवील? तू?'"

अप्पा हसले नाहीत.

"बरं… उद्या तिला एकटीला आधी वाढ."

दुसऱ्या दिवशी निलव्वा कोपऱ्यात, भिंतीकडं तोंड करून जेवली. आई ओठ आवळून खांबाशी उभी.

मग पंगत बसली. भराभर जेवली, भराभर उठली. वरच्या आळीची पोरं चिंचेखाली गेली, खालच्या आळीची विहिरीपाशी. पाटाच्या पाण्यावरून दोन्ही आळ्यांचं हाडवैर. घरात जे ऐकायचं, तेच पोरं ओकायची. इकडून शिवी गेली. तिकडून दगड आला.

चनबसू छडी घेऊन धावला. परत आला तो घामाघूम.

"रोज नव्हतं हो असं, अप्पा!"

"रोज कुठं असायची ती?"

"रोज तर… पंगतीत…"

चनबसूनं छडी खाली ठेवली.

तिसऱ्या दिवशी अप्पांनी निलव्वाचा हात धरला, तिला दोन्ही आळ्यांच्या मधोमध बसवलं, आणि शेजारी स्वतःचं पान मांडलं.

पोरांची जेवणं उरकली. निलव्वाची निम्मी भाकरी बाकी. वरच्या आळीच्या एकानं कंटाळून कोडं घातलं. खालच्या आळीच्यानं ते सोडवलं. "हॅ! हे तर माझ्या आजीला पण येतं!" हशा पिकला. एका पोरीनं निलव्वाची आमटीची वाटी हळूच तिच्याजवळ सरकवली. त्या पोरीची आळी कुठली, कुणी बघितलं नाही.

खांबाशी उभी असलेली आई खाली टेकली.

निलव्वानं शेवटचा घास गिळला. चनबसूनं सुटकेचा निःश्वास टाकला.

अप्पांच्या पानावर मात्र एक घास तसाच होता.

"अप्पा… आता तरी उठू द्या की पंगत."

"आत्ता कुठं बसलीय रे."