सरपंचांची बसकी गाडी

रणधीरबापू गावचे सरपंच. त्यांनी नव्या गाडीच्या स्प्रिंगा बदलून ती पार खाली बसवली, वर रुंद चाकं चढवली. गाडी दिसायला झोकदार झाली, पण शाळेपुढच्या गतिरोधकावर तिचं पोट घासायचं. आतले चार कार्यकर्ते खाली उतरले, की मग कुठे ती पार व्हायची. गाव तोंड दाबून हसायचं.

बापूंनी ग्रामसभेत फर्मावलं, "तो गतिरोधक उखडा!"

गावातली तारामती सभेत उठून उभी राहिली. तिची लेक चिमी तोच रस्ता ओलांडून बालवाडीत जायची.

"बापू, मग गाड्या सुसाट येतील की."

"येऊ देत! सूनबाई, माझी गाडी रस्त्याला चिकटून धावते. कितीही वेगात असली तरी जागच्या जागी थांबते."

"मग झ्याक झालं. शाळेपुढं रस्त्यात तुम्ही उभे राहा, ड्रायव्हरला लांबून सुसाट येऊ द्या. गाडी थांबली, की मीच पहार घेते."

बापूंनी ड्रायव्हरकडे पाहिलं. ड्रायव्हर जमिनीकडे बघत होता.

"जिवाशी खेळ आहे काय?" बापू खेकसले.

"एवढ्या मोठ्या माणसाला भ्या वाटतं, मग माझ्या चिमीनं तिथं कसं उभं राहायचं?"

सभेत हशा पिकला आणि भराभर हात वर झाले. गतिरोधक जागेवर राहिला. आठवडा सरायच्या आत बापूंची गाडीच पुन्हा उंच झाली.