आधी ही ओळ होऊ दे

“भाषा कशी वाटली बाबा, तेवढं तरी सांगा!”

याकोब गावित तिसऱ्यांदा विचारत होता. त्याच्या मांडीवर शुभवर्तमानाचं नवंकोरं पुस्तक होतं. शाईचा वास अजून गेला नव्हता.

डोंगरातल्या त्या बोलीत आजवर कुणी काही छापलं नव्हतं. याकोबनं सहा वर्षं खपून शुभवर्तमान तिच्यात आणलं होतं. येत्या रविवारी चर्चच्या मंडळीत त्याचं प्रकाशन होतं. तालुक्याहून पाळक येणार होते. पहिली प्रत हाती घेऊन प्रार्थना करायचा मान नुरजीबाबांचा होता.

नुरजीबाबा मंडळीतले सगळ्यांत वडीलधारे. त्यांना लिहिता-वाचता येत नसे. पण याकोबला प्रार्थना करायला त्यांनीच शिकवलं होतं. शब्द अडला की तो त्यांच्याकडेच धावायचा. सुटे शब्द त्यांनी खूप सांगितले होते. सलग वाचलेलं मात्र आज प्रथमच ऐकत होते.

ओट्यावर बसून ते मासे धरायचं जाळं सांधत होते. आता हात थांबले होते.

“ती ओळ पुन्हा वाच.”

“कोणती?”

“दानाची.”

याकोबनं वाचलं. देवापुढे दान घेऊन उभा असताना आठवलं, की भावाच्या मनात आपल्याविषयी काही आहे... तर दान तिथंच ठेव. आधी भावाकडे जा, समेट कर.

“पुन्हा.”

त्यानं पुन्हा वाचलं. मग हसून म्हणाला, “बाबा, ही तर तुम्हाला पाठ आहे. चाळीस वर्षं मराठीत ऐकताय.”

“मराठीत ती कुणा दुसऱ्याला सांगितल्यासारखी वाटायची...”

बाबा उठले.

“आज मला सांगितली.”

ते घरात गेले. भाताच्या कणगीत खांद्यापर्यंत हात घालून त्यांनी काहीतरी वर काढलं. पितळेची छोटी घंटी होती. वाजू नये म्हणून आत चिंधी कोंबलेली.

“हे काय?”

“माझ्या बकरीची घंटी. दित्याचं काय झालं, ठाऊक आहे ना?”

दित्याची गोष्ट कुणाला माहीत नव्हती? बारा वर्षांपूर्वी बाबांची बकरी नाहीशी झाली. दित्यानंच नेली, असं बाबांनी पंचांपुढे सांगितलं. दित्यानं लेकरांची शपथ घेतली. कुणी ऐकलं नाही. त्याला लग्नाकार्याचं बोलावणं बंद झालं. पोरंसुद्धा चोर म्हणून हाका मारू लागली. शेवटी तो बायकोमुलांना घेऊन नदीपलीकडच्या पाड्यावर राहायला गेला.

“पुढच्या उन्हाळ्यात घळीत ही घंटी सापडली,” बाबा म्हणाले. “शेजारी हाडं होती. बिबट्यानं नेली होती बकरी.”

“मग तुम्ही...?”

“नाही सांगितलं. कुणालाच नाही.”

याकोब त्यांच्याकडे बघतच राहिला. ज्यांचं बोट धरून तो ख्रिस्ताच्या विश्वासात आला, ते हेच बाबा.

मग त्याला रविवार आठवला.

“बाबा, एवढा कार्यक्रम होऊन जाऊ द्या! चार दिवसांचा तर प्रश्न आहे. आता हे बाहेर आलं तर लोक काय म्हणतील? तुम्हाला? मंडळीला? या पुस्तकाला?”

“काय लिहिलंय त्यात? रविवारनंतर जा?”

“...नाही.”

“मग?”

“आधी जा.”

“चल तर. पुस्तक घे.”

बाबा निघाले ते जवळजवळ पळतच. सत्तरी ओलांडलेला माणूस, पण याकोबला गाठता येईना. नदीला गुडघ्याएवढं पाणी होतं. बाबांनी धोतर वर खोचलं आणि सरळ पाण्यात शिरले. याकोब पुस्तक डोक्यावर धरून मागोमाग.

“बाबा, जरा दमानं! वाटेत पुढचं वाचून दाखवू का?”

“नको. आधी ही ओळ होऊ दे.”

त्या पाड्यावर याकोब पूर्वी तीनदा गेला होता. तिन्ही वेळा लोकांनी त्याला वेशीवरून परतवून लावलं होतं. नुरजीच्या देवाचं इथं काही ऐकायचं नाही, असं दित्यानं तोंडावर सांगितलं होतं.

दित्या छपरावर गवत शाकारत होता. बाबांना पाहून तो शिडीवरून खाली आला. हातात विळा तसाच.

“तुझं इथं काय काम, नुरजी?”

बाबांनी घंटी पुढे केली.

“तू बकरी नेली नव्हतीस. बिबट्यानं नेली. मला अकरा वर्षांपासून ठाऊक आहे... मी लपवलं.”

झोपडीच्या दारात दित्याची बायको उभी होती. ती मटकन खाली बसली.

याकोबची नजर विळ्यावर होती.

दित्यानं विळा छपरात खोचला. घंटी घेतली. बोट घालून आतली चिंधी उपसून काढली, फेकली... आणि घंटी हलवली.

खणखणीत वाजली.

तो घंटी वाजवत धावत सुटला. “बाहेर या! सगळे या! बापू, जालम्या, भावजी, या! नुरजी काय सांगतोय ते ऐका!”

माणसं शेतातून आली. बाया चुली सोडून आल्या. दित्यानं बाबांचा दंड धरून त्यांना मधोमध उभं केलं.

“आता बोल. मोठ्यानं बोल.”

बाबा बोलले. मागच्यांना ऐकू आलं नाही, म्हणून पुन्हा बोलले. नदीवरून दित्याचा मुलगा पळत आला. आता तो बाप्या झाला होता. त्याच्यासाठी तिसऱ्यांदा बोलले. मुलानं बापाला मिठी मारली. दित्या हसत होता, रडत होता, आणि त्याच्या हातातली घंटी थांबत नव्हती.

बऱ्याच वेळानं तो बाबांपुढे आला.

“तुला आजच हे का सुचलं?”

बाबांनी याकोबकडे बोट केलं. “यानं वाचलं.”

सगळ्यांच्या माना वळल्या. दित्या गवताच्या पेंढीवर बसला. त्याच्याजवळ त्याची बायको बसली. मग एकेक करून सगळा पाडा खाली बसला.

“वाच,” दित्या म्हणाला.

याकोबनं ती ओळ वाचली.

“हे तर आपलं बोलणं आहे!” एक म्हातारी ओरडली. “पुस्तकात आपलं बोलणं?”

“हो! आपलंच!”

“पुढं वाच,” दित्या म्हणाला.

याकोबच्या अंगावर काटा आला. ज्या पाड्यानं तीन वेळा हाकललं होतं, तिथं आज पन्नास माणसं त्याच्या तोंडाकडे बघत होती. त्यानं घसा साफ केला, छाती भरून श्वास घेतला.

“वाचण्याआधी मी याचा अर्थ जरा समजावून—”

“याकोब.”

बाबा मागे, जमिनीवर बसले होते.

“समजावू नको. वाच. आणि सावकाश वाच... दर ओळीनंतर माणसांना उठून निघायला वेळ दे.”