भैरोबाच्या निशाणाची तुरपाई

अंताजी पोऱ्यांच्या घराण्याचा मान राहिला.

सज्जनहो, हे वाक्य आपण ऐकलेले नाही. निशाण अजून चढलेले नाही, अंताजी अजून जमिनीवर आहेत, आणि मानाचे काय होणार याची धाकधूक आपल्यालाही त्यांच्याइतकीच आहे, असे धरून पुढे चालू.

त्या काळी तापोबा महाराज उंबरदरी गावी, भैरोबाच्या देवळामागच्या चिंचेखाली मुक्कामाला होते. महाराजांचा अवतार कडक. इतर संत वाघाला प्रेमाने वश करीत. महाराज वाघाला नुसते रागावत. एका उन्हाळ्यात गावची विहीर आटली, तेव्हा महाराज काठावर उभे राहून तिला असे काही बोलले की पाणी मुकाट्याने वर आले, आणि पुढे कितीतरी दिवस गढूळ तोंड करून बसले. त्यांच्या चरणी भाविक फुले वाहत नसत. दही नेत.

याच गावात अंताजी पोरे हे वयस्क शिंपी राहत. महाराजांचे भक्त, स्वभावाने गाय. यात्रेच्या दिवशी भैरोबाच्या उंच काठीवर जे तांबडे निशाण चढते, त्याची कड हाताने तुरपण्याचा मान पिढ्यानपिढ्या पोऱ्यांच्या घरात होता. कच्ची कड बारीक दुमडायची, ती दुमड पुन्हा दुमडायची, म्हणजे सुटणारे धागे पोटात जातात. मग आतून सुई घालून वरच्या कापडाचा एकच धागा उचलायचा. समोरून टाका दिसला की संपले. आणि पालखी गाव फिरून येईपर्यंत निशाणाच्या कडेचा एक धागा, एक दशी जरी सुटली, तर गावावर अरिष्ट आणि पोऱ्यांचा मान खालसा.

गेल्या यात्रेला एक दशी लोंबली होती. अंताजींची नजर आता मंद झाली होती. पंचांनी तेवढ्यापुरते वाऱ्यावर ढकलले, पण बजावले, “अंताजी, यंदा सुटली तर मान हेंद्र्यांकडे.”

हे बळवंत हेंद्रे शहरात राहून आलेले. दुकानात इंटरलॉकचे मशीन. कापड एका बाजूने घातले की दुसऱ्या बाजूने कड बांधून बाहेर! गर्व इतका, की स्वतःच्या सदऱ्याची शिवण ते उलटी, बाहेरून ठेवीत. लोकांना इंटरलॉक दिसावे म्हणून.

यात्रेची सकाळ झाली. वाजंत्री लागली आणि अंताजी अजून पारावर निशाण मांडीवर घेऊन तुरपतच होते. एक बाजू राहिली होती. हेंद्रे समोर उकिडवे बसले.

“काय अंताजीकाका, टाके घालताय का बैलाची पावलं उमटवताय?”

अंताजींनी मान खाली घालून पुढचा टाका घातला.

“नाही, निवांत चालू द्या. भैरोबाला काय, पुढच्या वर्षीपर्यंत वेळ आहे.”

“अहो, ऐकून काय घेताय त्याचं?” अंताजींची बायको भामाबाई कडाडली. “आणि तू रे बळ्या! तुझ्या बारशाचं कुंचडं ह्यांच्या हातचं. तेव्हा नाही टाके मोजलेस!”

“म्हणूनच माझे कान गार पडायचे, काकी.”

लोक हसले. अंताजींना आयुष्यात पहिल्यांदा राग आला. सवय नसल्यामुळे तो कुठे ठेवावा हे त्यांना कळेना, म्हणून तो सगळा हातात उतरला. सुई सपासप चालू लागली. निशाण, दुमड आणि खालचा स्वतःचा सदरा, तिन्हीतून.

मांडीवर कापड घेऊन शिवणाऱ्याच्या हातून हे कधी ना कधी होतेच. पण तेव्हा तो उठतो, हसतो, उसवतो. इथे उठायला अवधीच मिळाला नाही. “भैरोबाच्या नावानं चांगभलं!” अशी आरोळी झाली, मानकऱ्यांनी निशाण ओढले, दोर खेचला आणि निशाण वर गेले. पाठोपाठ अंताजी.

“अंताजी, तुम्ही कुठं चाललात?” पाटील ओरडले.

“मी चाललो नाही!” वरून आवाज आला. “मला नेताय!”

आता निशाण एकदा शेंड्याला लागले की पालखी येईपर्यंत उतरवायचे नाही, ही रीत. अंताजी शेंड्याला एका हाताने काठी धरून लोंबत राहिले. त्यात वारा उठला. टाके ताणले. एक सुटला. दुसरा सुटला. धागा तुटला तर खाली अंताजी, आणि वर उघडी कड!

“दोरा तोडा काका, अन् काठीवरून घसरा खाली!” हेंद्रे टाळ्या पिटत म्हणाले. “मान गेला तरी जीव राहील!”

“खबरदार तोडलात तर!” भामाबाई रडत रडतच गरजली. “घरात पाय ठेवू देणार नाही!”

“महाराज!” अंताजींनी डोळे मिटून हाक मारली.

या गलक्याने चिंचेखाली महाराजांची झोप मोडली. अहाहा, काय ते रूप! डोळे निखाऱ्यासारखे, दाढीला चिंचेची पाने. गर्दी दुभंगली. महाराज काठीखाली उभे राहिले आणि रागावले. अंताजींवर नाही, हेंद्र्यांवर नाही. धाग्यावर.

महाराज म्हणाले, “अरे कापसाच्या पोरा! तुला बोंडातून काढला, पिंजला, कातला, सुईच्या नाकातून ओवला, तो का ऐनवेळी अंग काढून घ्यायला? म्हाताऱ्यानं विश्वासानं गाठ मारली तुला! आत हो! मुकाट्यानं आत हो!”

आणि सज्जनहो, सुटलेले टाके एकामागून एक, खाली मान घालून, कापडात परत गेले. काही तर ओळीत चुकलेले होते. तेही सरळ झाले. महाराज वाऱ्याकडे नुसते वळले. तो आधीच पडला होता.

अंताजींच्या जिवात जीव आला. मग त्यांना दिसले की वर उजेड फार स्वच्छ आहे. त्यांनी पाय काठीला वेढले, सदऱ्याला खोचलेली सुई काढली आणि राहिलेली बाजू निवांत तुरपायला घेतली. नैवेद्य त्यांना बांबूने पोचवण्यात आला. पालखी फिरून आली. दशी सुटली नाही.

“ह्यात चमत्कार कसला?” हेंद्रे फणफणले. “दोरा नायलॉनचा असेल!”

महाराज म्हणाले, “कोण बोललं?”

एवढेच. पण सूतही ऐकत होते. हेंद्र्यांच्या सदऱ्याच्या इंटरलॉकचे एक टोक लाजून सुटले, आणि ते एकदा सुटले की थांबत नसते. सर्रकन धागा कॉलरपासून निघाला तो खालच्या घेरापर्यंत. भर यात्रेत हेंद्रे दोन बाह्या हातात धरून उघडे उभे राहिले.

कोणी हसायच्या आत वरून आवाज आला, “बळवंता, रडू नकोस लेका. बाह्या घरी घेऊन ये. लावून देतो. कड आत घेऊन देतो.”

हेंद्र्यांचा गर्व तिथे उतरला. त्यांनी महाराजांचे पाय धरले आणि घळाघळा रडले. महाराज म्हणाले, “पाय सोड! आधी अंगात काही घाल!” पण सोडवून घेतले नाहीत.

मग हेंद्रे उठले. पारावर बसलेल्या पंचांपुढे हात जोडून, मोठ्याने म्हणाले, “समस्त पंचमंडळींस बळवंत हेंद्रे यांची सविनय विनंती. पुढील यात्रेस निशाणाच्या मोकळ्या बाजूस मला अंताजीकाकांच्या हातून शिवण्यात यावे व रीतसर वर चढवण्यात यावे. टाका बारीक-मोठा कसाही असला, तरी माझी हरकत राहणार नाही.”