वाघानं कासव खाल्लं का?

वाघ जिंकला की कासव? सोनवडच्या दरबारात दोन दिवस दुसरा विषय नव्हता.

भांडण खुद्द राजा-राणीचं होतं. मानाजीराव महाराजांनी नवा खेळ काढला होता. गंजिफांसारखे गोल पत्ते, पण प्रत्येक पत्त्यावर एक चित्र आणि एक हुकूम. पत्त्यावर लिहिलं असेल तसंच घडायचं! महाराजांनी वाघ टाकला. त्यावर हुकूम होता, 'वाघ पटावरचा प्रत्येक पत्ता खातो.' राणीसाहेबांचे बाकीचे पत्ते गेले, कासव तेवढं उरलं. त्यावर लिहिलं होतं, 'कासवाला कोणी खाऊ शकत नाही.'

"खाल्लं!" महाराज ओरडले.

"नाही खाल्लं!" म्हणत राणीसाहेब पत्ता हाताखाली दाबून बसल्या.

दिवाणजींनी दोन दिवस डोकं खाजवलं. शेवटी बोलावणं गेलं धाकू चिताऱ्याला, कारण पत्ते त्यानंच रंगवले होते. वाघाचा हुकूम महाराजांनी सदरेवर सांगितला, कासवाचा राणीसाहेबांनी महालात. भल्या माणसानं दोन्ही जसेच्या तसे लिहिले आणि वर लाख चढवली. लाख चढली की अक्षर खोडता येत नाही.

"उद्या दुपारपर्यंत निवाडा दे," महाराज गरजले. "दोन्ही हुकूम खरे राहिले पाहिजेत. नाही जमलं तर कुंचले जप्त आणि तू राज्याबाहेर!"

धाकू घरी येऊन रंगाच्या वाट्या गाठोड्यात बांधू लागला. त्याची मुलगी आवडी चिंचोक्याची खळ ढवळत होती. सगळं ऐकून ती म्हणाली, "बाबा, गाठोडं राहू द्या. उद्या मी जाते."

"तू? अगं, दिवाणजींना डोकं खाजवून काही सुचलं नाही!"

"त्यांना आधी पगडी काढावी लागत असेल. मला तेवढा त्रास नाही."

दुसऱ्या दिवशी दरबार भरला. पट तसाच मांडलेला, राणीसाहेबांचा हात अजून कासवावर. भालदारानं 'धाकूची मुलगी निवाडा घेऊन आलीय' अशी वर्दी दिली, पण आवडी उंबरठ्याशीच थांबली.

"ये, आत ये," महाराज म्हणाले.

"नाही येता येत, महाराज."

"का? पाय दुखतात?"

"पाय ठणठणीत आहेत. पण दारावरचा भालदार म्हणतो, आज दरबार भरल्यावर आपला हुकूम सुटलाय, आता डाव संपेपर्यंत कोणीही आत पाऊल टाकायचं नाही. डाव तर अजून संपलेला नाही."

"अगं, पण मीच बोलावतोय ना तुला!"

"हो ना. तोही हुकूम आपला, हाही आपला. एक पाळावा तर दुसरा मोडतो. मी करू काय?"

भालदार गालात हसला आणि लगेच छताकडे बघू लागला. महाराजांचे कान लाल झाले.

"एवढंही कळत नाही? तो हुकूम सगळ्यांसाठी, हा तुझ्या एकटीसाठी! एकीला सूट दिली म्हणून सगळ्यांचा हुकूम मोडतो काय? बाकीचे बाहेरच आहेत ना? ये मुकाट्यानं!"

आवडी आत आली, मुजरा केला. "झाला निवाडा. निघू मी? खळ वाळतेय घरी."

"कसला निवाडा?"

"आपणच दिलात की! वाघाचा हुकूम सगळ्या पत्त्यांसाठी, कासवाचा त्याच्या एकट्यासाठी. कासव वाचलं म्हणून वाघ खोटा ठरत नाही. बाकीचे त्यानं खाल्लेच ना?"

राणीसाहेबांनी हात उचलला. कासव शाबूत!

"म्हणजे मी हरलो? मला मान्य नाही!"

"जशी आज्ञा." आवडी उलट्या पावली उंबरठ्याबाहेर गेली. "मग माझं आत येणं चुकलंच. सगळ्यांसाठीचाच हुकूम मोठा ना? पण महाराज, मघाशी हात धुवायला उठून आपणही परत आत आलात म्हणे. तर आपणही या बाहेर. ओसरीवर सावली छान आहे."

महाराजांच्या मिशा थरथरल्या, मग खांदे हलले, आणि ते असे खदखदून हसले की पटावरचे पत्ते घरंगळले.

"ये बाई, आत ये! हरलो!"

धाकूला दरबारी चितारी केलं, आवडीच्या हातात महाराजांनी स्वतःचं सोन्याचं कडं ठेवलं. मग ते हळूच तिच्याकडे झुकले. "कासवालाही खाईल असा एक पत्ता रंगव बघू."

"रंगवते की," आवडी तेवढ्याच हळू म्हणाली. "पण राणीसाहेबांनी त्यावरचा उतारा आधीच रंगवून घेतलाय. लाख कालच वाळली!"