खांदे बसवणारी चांगुणाय

फार वर्षं झाली. शेवरेबंदरच्या खाडीत तेव्हा शिडाच्या होड्या चालायच्या. त्या काळी तिथे चांगुणाय नावाची एक कोळीण राहायची. तिच्या बोटांना खांद्याचं बोलणं ऐकू यायचं, असं म्हणतात.

वल्ही मारून, जाळी ओढून गावातल्या माणसांचे खांदे आखडायचे. कुणाचा हात डोक्यापर्यंत जायचा नाही, कुणाला स्वतःची वेणी घालता यायची नाही, कुणाच्या कोपरात कळ उठायची. अशी माणसं चांगुणायच्या पडवीत येऊन बसायची. ती कोमट तेल चोळायची आणि म्हणायची, "आता वाक. हात सैल सोड, झुलू दे. भांडू नको त्याच्याशी." हात झुलत राहायचा, डोळे मिटायचे आणि दुखणं ओहोटीसारखं मागे मागे सरायचं.

चांगुणाय स्वतः मात्र समुद्राला भ्यायची. तिचा नवरा समुद्रानं नेला होता. त्यानंतर तिनं कधी होडीत पाय ठेवला नव्हता.

एका सकाळी असं दाट धुकं उतरलं, की माणसाला आपलाच हात दिसेना. गावच्या साऱ्या होड्या बाहेर होत्या आणि खाडीच्या तोंडाशी काळे खडक. त्यातून वाट काढावी ती बुधाजी तांडेलानंच. सुकाणूवर हात ठेवला की त्याला पाण्याखालचा खडक कळायचा. पण धुक्यातून त्याचीच हाक आली, "चांगुणाये! खांदा निखळला गो!"

बायकांनी लहान होडी लोटली.  चांगुणायनं पदर खोचला आणि ती चढून बसली.

बुधाजी आपल्या होडीत कळांनी तळमळत होता. खलाशी त्याचा उजवा हात हिसडायला निघाले होते.

"खबरदार!" ती म्हणाली. तिनं तो हात मांडीवर घेतला. "बुध्या, तुझी आय तुला काय गाऊन निजवायची रे?"

तो कण्हत कण्हत ते गाणं गुणगुणू लागला. तीही गुणगुणू लागली. समुद्रानं तेव्हा श्वास रोखला, लाटा आवाज न करता उठू लागल्या, असं म्हणतात. एक लाट खाली गेली, त्याबरोबर तिनं हात अलगद वळवला आणि खांदा घरी परतल्यासारखा जागेवर बसला.

तो हात तिनं पदर फाडून त्याच्या छातीशी बांधला. कळ थांबली, तशी बुधाजीच्या डाव्या हातालाही वाट कळू लागली. तो सुकाणू धरी, जोर ती लावी. मागून एकेक होडी त्या दोघांचं गाणं ऐकत ऐकत आत आली. सगळ्या आल्या.

मग चांगुणाय खूप म्हातारी झाली. एकदा पुन्हा तसंच धुकं उतरलं आणि फार लांबून कुणीतरी तिला हाक मारली. आवाज ओळखीचा नव्हता; समुद्रच कण्हतोय असा होता.

"खांदा मोठा दिसतो," ती म्हणाली. "वेळ लागेल मला."

होडीत बसून ती एकटीच गेली. अजून आलेली नाही.

आजही शेवरेबंदरात धुकं उतरलं, की कुणी घाईनं वल्हं उचलत नाही. लहानथोर सारे देवळाच्या भिंतीकडे तोंड करून उभे राहतात आणि चांगुणायचं नाव घेत, खांदा मोकळा व्हावा म्हणून, बोटं भिंतीवरून वर वर चालवत नेतात. हळूहळू, हात जाईल तिथवर. ज्याचा हात अर्ध्यावर अडतो, त्याला कुणी हसत नाही. धुकं विरलं, की त्याचं वल्हं शेजारचा उचलतो.